डॉक्टरांकडून प्रश्नावली भरून घेताना

कॉलेज रोडवरच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या काउंटरवर एमआर लोकांच्या, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या, कार्डांचा स्टीलचा डबा होता आणि त्या डब्याखाली, डबा डुगडुगू नये म्हणून, एक खाकी पाकीट घडी घालून सरकवलेले होते. ते पाकीट आमचेच होते. तीन आठवड्यांपूर्वी टपालाने पाठवलेली प्रश्नावली त्यात न फोडलेल्या अवस्थेत तशीच होती. माझ्या वहीत त्या डॉक्टरांच्या नावापुढे 'उत्तर नाही' अशी नोंद होती, आणि 'त्यांना वेळच नसतो हो' असे स्पष्टीकरण मी मनातल्या मनात देऊनही टाकले होते. काउंटरवरच्या ताईंना विनंती करून मी दुपारी ओपीडी संपताना आत गेलो, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर साडेसहा मिनिटांत दोन्ही पाने भरून दिली आणि वर विचारले, की हे आधी का नाही पाठवले.

डॉक्टरांच्या सर्वेक्षणाविषयी मला जे सांगायचे आहे, ते या पाकिटात आले आहे. स्पष्ट नकार देणारे डॉक्टर थोडे असतात. बहुतेक प्रश्नावल्या त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच अडतात. म्हणून टपाल बरे, फोन बरा की गूगल फॉर्म बरा, या वादात शिरण्यापूर्वी प्रत्येक मार्ग नेमका कुठे अडतो हे पाहावे, आणि एक मार्ग अडला की दुसरा कधी हाती घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवावे. पदव्युत्तर प्रबंधासाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी नाशिक जिल्ह्यात असे काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढचे लिहिले आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच विषय घेतला आहे: खासगी डॉक्टरांकडून होणारी क्षयरुग्णांची नोंदणी.

आधी 'डॉक्टर' म्हणजे कोण ते ठरवा

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, आणि होमिओपॅथीची स्वतंत्र परिषदेकडे. क्षयरोगाची लक्षणे घेऊन रुग्ण पहिल्यांदा ज्याच्याकडे जातो तो डॉक्टर तुम्हाला हवा असेल, तर फक्त एमबीबीएस आणि एमडी घेऊन भागणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत तर अजिबातच नाही. मालेगावात युनानी डॉक्टर सोडले तर शहराच्या मोठ्या भागाचे चित्रच हाती लागणार नाही. उलट तुमचा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या प्रतिजैविकांचा असेल, तर जनरल प्रॅक्टिशनरची नावे यादीत घेऊन तुम्ही आपला छेद, म्हणजे आलेल्या उत्तरांना ज्या एकूण संख्येने भागायचे ती संख्या, उगाच फुगवाल.

व्याख्या एका वाक्यात लिहून काढावी. उदाहरणार्थ: 'नाशिक महानगरपालिका हद्दीत सध्या स्वतःची किंवा भागीदारीतली बाह्यरुग्ण सेवा चालवणारे, कोणत्याही मान्यताप्राप्त पॅथीचे, श्वसनाच्या तक्रारींचे प्रौढ रुग्ण तपासणारे खासगी डॉक्टर.' या वाक्यातला प्रत्येक शब्द पुढे कोणाला तरी आत घेतो आणि कोणाला तरी बाहेर ठेवतो. निवृत्त झालेले, पुण्याला गेलेले, फक्त रुग्णालयात नोकरी करणारे डॉक्टर अपात्र ठरतात, आणि त्यांना 'प्रतिसाद न देणारे' म्हणून मोजणे ही चूक ठरते.

यादी: सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम

एकाच ठिकाणी तयार यादी मिळत नाही. कौन्सिलच्या नोंदवहीतला पत्ता पुष्कळदा नोंदणीच्या वेळचा असतो, म्हणजे डॉक्टर नाशिक रोडला प्रॅक्टिस करत असतात आणि पत्ता गावाकडच्या घराचा असतो. महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदवलेल्या रुग्णालयांची यादी असते, पण खाटा नसलेला दवाखाना तिच्यात सापडत नाही. आयएमए (इंडियन मेडिकल असोसिएशन), आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या संघटना, निरनिराळ्या विषयांच्या तज्ज्ञांच्या संघटना यांच्या सभासद याद्या चालू स्थितीत असतात, मात्र सभासद नसलेला डॉक्टर त्यांत नसतो, आणि नेमका तोच तुमच्या विषयासाठी वेगळा असण्याची शक्यता असते.

मी करतो ते असे. तिन्ही-चारी याद्या एका तक्त्यात आणतो, नाव आणि मोबाइल जुळवून दुबार नोंदी काढतो, आणि मग निवडलेल्या काही भागांत पायी फिरून पाट्या पाहतो. सिडकोतल्या दोन सेक्टरांतून एक संध्याकाळ हिंडले, म्हणजे कागदावरच्या यादीत किती दवाखाने नाहीत हे डोळ्यांनी दिसते. औषधाच्या दुकानदाराला विचारावे. गल्लीत कोण बसते, कोणी दवाखाना बंद केला, कोण आठवड्यातून दोनच दिवस येते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. शिवाय अनेक तज्ज्ञ ठरलेल्या वारी सिन्नर, निफाड, सटाणा अशा ठिकाणी व्हिजिटिंग ओपीडीसाठी जातात. त्यांची दोन गावांत दोनदा नोंद होते, म्हणून तक्त्यात दवाखान्यासाठी एक रकाना आणि व्यक्तीसाठी वेगळा रकाना ठेवावा.

यादी झाली की सगळ्यांना पाठवण्याचा मोह आवरावा. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरली, तर नमुन्याचा आकार काढण्याच्या नेहमीच्या सूत्राने ३८४ हा आकडा येतो. एकूण डॉक्टर १,००० च असतील तर मर्यादित समष्टीची दुरुस्ती (एकूण संख्याच लहान असल्याने करायची घट) लावून तो २७८ च्या आसपास उतरतो. यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे हा आकडा भरून आलेल्या उत्तरांचा असतो, त्यामुळे निम्मेच उत्तर देतील असे वाटत असेल तर दुप्पट डॉक्टर निवडावे लागतात. दुसरी अधिक महत्त्वाची. हजार जणांना लिंक पाठवून मिळालेल्या तीनशे उत्तरांपेक्षा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीनशे जणांचा नीट पाठपुरावा करून मिळालेली दोनशे उत्तरे मला अधिक विश्वासार्ह वाटतात. पाठपुराव्याला लागणारी माणसे आणि दिवस मर्यादित असतात, ते हजारांत वाटले की कोणाच्याच वाट्याला काही येत नाही.

प्रश्नावली दोन पानांची, आणि पहिला प्रश्न त्यांच्या कामाचा

टपाली प्रश्नावल्यांना प्रतिसाद कशाने वाढतो, याचा फिल एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी घेतलेला मोठा आढावा २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २९२ यादृच्छिक चाचण्या एकत्र केल्या होत्या. विषय वाचणाऱ्याला रस वाटेल असा मांडला तर उत्तर येण्याचे 'ऑड्स' २.४४ पट होतात, आणि प्रश्नावली छोटी ठेवली तर १.८६ पट, असे त्यातून निघाले. रंगीत शाईने १.३९ पट, म्हणजे फुकटात मिळण्यासारखा फायदा. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण हा शब्द सर्रास चुकीचा वाचला जातो: ऑड्स म्हणजे टक्केवारी नव्हे, तर उत्तर देणाऱ्यांचे उत्तर न देणाऱ्यांशी असलेले गुणोत्तर. चाळीस टक्के प्रतिसाद असताना ऑड्स दुप्पट झाले तर प्रतिसाद ऐंशी टक्के होत नाही, सत्तावन्नच्या आसपास जातो. हा आढावा सर्व प्रकारच्या उत्तरदात्यांचा आहे हेही लक्षात ठेवावे.

छोटी म्हणजे किती? ए-४ कागदाच्या दोन बाजू, बारा ते पंधरा प्रश्न, सात मिनिटे. 'नाव, वय, शिक्षण, नोंदणी क्रमांक' अशी सुरुवात केली की डॉक्टरांना सरकारी तपासणीचा वास येतो. पहिला प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचा असावा, वैयक्तिक माहिती शेवटी. भाषेविषयी माझे मत असे, की तांत्रिक शब्द डॉक्टर जसे उच्चारतात तसेच ठेवावेत आणि वाक्ये मराठीत असावीत. 'थुंकीची तपासणी' लिहिले तरी कळते, पण 'क्षकिरण चिकित्सा' लिहिले की वाचणारा थबकतो. मालेगावसाठी किंवा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसाठी इंग्रजी प्रत जवळ ठेवावी.

अवघड प्रश्नांकडे जरा थांबून पाहू. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि मार्च २०१८ च्या राजपत्रात न कळवण्याचा संबंध भारतीय दंड संहितेच्या तेव्हाच्या २६९ आणि २७० या, जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरवण्याविषयीच्या, कलमांशी जोडला गेला. असे असताना 'आपण सर्व क्षयरुग्णांची नोंद नियमानुसार करता का?' असे विचारले, तर 'होय' शिवाय दुसरे उत्तर येणार नाही, आणि आले नाही म्हणून डॉक्टरांना दोष देता येणार नाही. त्याऐवजी तीन प्रश्न करावेत. गेल्या तीन महिन्यांत आपल्याकडे क्षयरोगाचे नवे निदान झालेले अंदाजे किती रुग्ण आले? त्यांपैकी किती जणांची माहिती आपल्या दवाखान्यातून निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या नोंदीचे सरकारी संकेतस्थळ) किंवा आरोग्य विभागाकडे गेली? बाकीच्यांबाबत काय घडले: रुग्ण सरकारी केंद्राकडे पाठवला, रुग्णाने नको म्हटले, पोर्टलवर भरायला माणूस नव्हता, दुसऱ्या डॉक्टरांनी नोंद केली असेल असे वाटले, की अन्य काही? नोंद न होण्याला प्रतिष्ठित कारणे असू शकतात हे प्रश्नातच दिसले, की माणूस खरे लिहितो.

प्रश्नावली तयार झाली की पाच-सहा डॉक्टरांसमोर बसून ती भरून घ्यावी आणि पेन कुठे थांबते ते पाहावे. नंतर 'कशी वाटली?' असे विचारून उपयोग होत नाही. 'छान आहे' हेच उत्तर मिळते.

संस्थात्मक नैतिकता समितीची मान्यता या टप्प्यावर घ्यावी, प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर नव्हे. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे डॉक्टर उत्तरदाते असतानाही लागू होतात. मोबाइल क्रमांक आणि नावे उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत.

मार्ग कोणता

*प्रत्यक्ष भेट.* नाशिकसारख्या शहरात माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, आणि सगळ्यात खर्चीकही. याचे यश डॉक्टरांवर कमी आणि काउंटरवर अधिक अवलंबून असते. एमआर मंडळी वर्षानुवर्षे जे शिकतात ते दोन दिवसांत शिकून घ्यावे: कोणत्या दवाखान्यात सकाळची ओपीडी दीडला संपते, कुठे संध्याकाळी नऊनंतरच डॉक्टर मान वर करतात, कुठे शनिवारी जाऊच नये. पहिल्या भेटीत प्रश्नावली पुढे करू नये. काउंटरवर एवढेच विचारावे: 'ताई, मी औषध कंपनीचा नाही. सरांशी पाच-सात मिनिटांचे काम आहे, सर्वेक्षणाचे. सर किती वाजता थोडे मोकळे असतात?' 'औषध कंपनीचा नाही' हे वाक्य पहिल्यांदा आले पाहिजे, कारण बॅग आणि बूट पाहून त्यांनी तुम्हाला आधीच एमआरच्या रांगेत बसवलेले असते. ताईंनी सांगितलेली वेळ त्यांच्यासमोर वहीत लिहावी आणि त्याच वेळेला जावे. त्यांचे नावही लिहून ठेवावे. पुढच्या वेळी नावाने विचारले की दार लवकर उघडते.

आत गेल्यावर बसण्याची घाई करू नये. 'नमस्कार सर, दोन पाने आहेत, सात मिनिटे लागतात, आत्ता सोयीचे नसेल तर मी बाहेर थांबतो,' एवढे पुरे. पुष्कळदा डॉक्टर म्हणतात, 'ठेवून जा, भरून ठेवतो.' हा सभ्य नकार आहे असे समजून निराश होऊ नये, पण त्यावर विसंबूनही राहू नये. 'चालेल सर, गुरुवारी याच वेळी घ्यायला येतो,' असे सांगून दिवस बांधून घ्यावा, आणि ताईंनाही तोच दिवस सांगावा. प्रश्नावली पारदर्शक फोल्डरमध्ये दिली तर ती कागदांच्या ढिगात गडप होत नाही. खाकी पाकिटाचा धडा मी येथे वापरला.

भेटीचा तोटा असा की समोर बसलेल्या माणसाला पाहून उत्तरे थोडी सावरून दिली जातात. म्हणून प्रश्न तोंडी विचारण्याऐवजी कागद हातात द्यावा, भरेपर्यंत आपण भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, आणि भरलेला कागद त्यांनीच पाकिटात घालून चिकटवावा.

*टपाल.* हा मार्ग आता जुनाट समजला जातो. व्हॅनगीस्ट, जॉन्सन आणि वेल्च यांनी २००७ मध्ये केवळ डॉक्टरांच्या सर्वेक्षणांचा आढावा घेतला, तेव्हा टपाल आणि फोन हे फॅक्स आणि वेबपेक्षा सरस ठरले होते. त्याआधी १९९७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतल्या टपाली सर्वेक्षणांची जी मोजदाद झाली, तिच्यात डॉक्टरांचा सरासरी प्रतिसाद ५४ टक्के आणि इतरांचा ६८ टक्के निघाला होता. हे आकडे अमेरिकी अनुभवाचा भार असलेले आणि स्मार्टफोन सर्वत्र होण्याआधीचे आहेत. ते जसेच्या तसे गंगापूर रोडवर लावू नयेत. तरी त्यातला एक निष्कर्ष मी स्वतः पडताळून पाहिला आहे: कागद टेबलावर दिसत राहतो, लिंक दिसत नाही. टपाल निवडले तर साधे पाकीट पाठवू नये. २००२ च्या आढाव्यात सही घेऊन पोहोचवलेल्या टपालाचे ऑड्स २.२१ पट निघाले, म्हणून स्पीड पोस्ट वापरावे. आत तिकीट लावलेले परतीचे पाकीट हवेच. नाव हाताने, अचूक आणि पदवीसह लिहावे. 'प्रति, डॉक्टर महोदय' असे छापील पत्र पाहिले की ते जाहिरात म्हणून बाजूला पडते. पेठ, सुरगाणा, कळवण अशा ठिकाणी प्रत्येक दवाखान्याला तीन वेळा जाणे शक्य नसते, तेथे टपाल आणि फोन यांची जोडी चांगली चालते.

*फोन.* संपूर्ण प्रश्नावली फोनवर भरून घेण्याचा नाद सोडावा. अनेकांनी स्पॅम ठरवलेल्या क्रमांकावर ट्रूकॉलर लाल रंग दाखवतो आणि संभाषण मध्येच रुग्ण आल्याने तुटते. फोन वेळ ठरवण्यासाठी, आठवण देण्यासाठी आणि शेवटी उत्तर न देणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारण्यासाठी राखून ठेवावा. कॉल दवाखान्याच्या क्रमांकावर करावा. डॉक्टरांच्या खासगी मोबाइलवर दुपारी तीन वाजता फोन करणारा माणूस त्यांची झोपमोड करणारा म्हणूनच लक्षात राहतो.

*ऑनलाइन फॉर्म आणि व्हॉट्सअॅप.* स्वस्त, झटपट आणि फसवा. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मी लिंक डॉक्टरांच्या तीन ग्रुपांत टाकली होती. आठवडाभरात उत्तरांचा पाऊस पडला आणि मी ते अभिमानाने मार्गदर्शकांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि एवढेच विचारले, 'अंश दिसतोय. छेद कुठे आहे?' ग्रुपांत किती जण होते, त्यांतले किती तीनही ग्रुपांत होते, किती नाशिकबाहेरचे होते, किती अजून इंटर्नशिप करत होते, यांपैकी काहीही मला सांगता येईना. ती सगळी उत्तरे बाजूला ठेवावी लागली.

तेव्हापासूनचा नियम असा: ग्रुपमध्ये लिंक टाकायची नाही. निवडलेल्या प्रत्येक डॉक्टरांना वैयक्तिक संदेश आणि शक्य तर वेगळी लिंक द्यायची. गूगल फॉर्ममध्ये आधीच भरलेल्या रकान्याची लिंक तयार करता येते, तिच्यात आपला सांकेतिक क्रमांक घालता येतो. 'एका व्यक्तीला एकच उत्तर' हा पर्याय मात्र सुरू करू नये, कारण तो गूगल खात्यातून साइन-इन मागतो आणि तेथे निम्मी मंडळी परत फिरतात. शिवाय आपला ईमेल गोळा होतो आहे अशी शंका येते. विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे रेडकॅप वा लाइमसर्व्हे अशी सर्वेक्षणाची प्रणाली उपलब्ध असेल तर ते अधिक चांगले. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादीही कामाची नाही: तुमचा क्रमांक ज्याने सेव्ह केलेला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो.

ईमेलविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खासगी प्रॅक्टिसमधले डॉक्टर तो रोज उघडतीलच असे नाही. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी ठीक.

*परिषदा आणि सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम).* शालिमारच्या आयएमए सभागृहात किंवा एखाद्या हॉटेलात शंभर डॉक्टर एकत्र बसलेले दिसले की प्रश्नावल्या वाटण्याचा मोह होतो. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे गर्दी असते. पण तेथे येणारे डॉक्टर हे वाचणारे, संघटनेत वावरणारे डॉक्टर असतात, आणि नोंदणी न करणारा डॉक्टर तेथे भेटण्याची शक्यता कमी. पायलटसाठी, म्हणजे प्रश्नावलीच्या प्राथमिक चाचणीसाठी, आणि ओळख करून घेण्यासाठी परिषद उत्तम. मुख्य नमुन्यासाठी नको.

चार आठवड्यांचा क्रम

सगळे मार्ग एकदम खुले ठेवले, 'कागदावर भरा किंवा लिंकवर भरा, तुमची मर्जी', की उत्तर वाढते असे वाटते, पण निवड करण्याचे काम आपण डॉक्टरांवर टाकतो आणि ते काम उद्यावर जाते. मार्ग एकामागून एक द्यावेत.

पहिल्या आठवड्यात आधी कळवणे. आधी संपर्क साधल्याने ऑड्स १.५४ पट होतात असे त्याच २००२ च्या आढाव्यात आहे, आणि या कामाला व्हॉट्सअॅप खरोखर उपयोगी पडते. संदेश चार ओळींचा असावा:

'नमस्कार सर, मी पदव्युत्तर विद्यार्थी असून नाशिक शहरातील खासगी डॉक्टरांना क्षयरुग्ण नोंदणीत येणाऱ्या अडचणींचा अभ्यास करत आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या डॉक्टरांत आपले नाव आले आहे. दोन पानांची प्रश्नावली मंगळवारी दुपारी दवाखान्यात आणून देतो. नाव कुठेही येणार नाही.'

डॉक्टर महिला असतील तर 'मॅडम' लिहायचे विसरू नये. एकाच मजकुराची नक्कल चिकटवताना ही चूक हमखास होते आणि ती लक्षात राहते.

दुसऱ्या आठवड्यात भेट किंवा स्पीड पोस्ट. तिसऱ्या आठवड्यात, ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना प्रश्नावलीची नवी प्रत, कारण जुनी हरवलेली असते आणि तसे सांगायला कोणालाच आवडत नाही. चौथ्या आठवड्यात मार्ग बदलावा: कागद न भरणाऱ्याला वैयक्तिक लिंक, लिंक न उघडणाऱ्याला भेट, आणि शेवटी ज्येष्ठाचा फोन. विभागप्रमुखांनी किंवा त्या भागातल्या मान्यवर डॉक्टरांनी 'आमच्या विद्यार्थ्याचे तेवढे बघा' असे सांगितले की काम होते, हे खरे आहे. पण हे अस्त्र एकदाच चालते, आणि उत्तर देणे ऐच्छिक आहे ही मर्यादा त्या फोनने ओलांडू नये. तीन आठवणींपुढे जाऊ नये.

महिने निवडतानाही विचार करावा. जुलै ते ऑक्टोबर तापाचे, डेंग्यूचे रुग्ण ओपीडी भरून टाकतात. दिवाळीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडावा. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नाने आहेत, त्या काळात शासकीय आणि महापालिकेचे डॉक्टर हाती लागतील अशी अपेक्षा ठेवू नये. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या खासगी दवाखान्यांपर्यंत पोहोचणेही अवघड होईल. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटले.

मानधन द्यावे का

आर्थिक मोबदल्याने ऑड्स दुप्पट होतात, आणि तो उत्तर मिळाल्यावर देण्यापेक्षा आधीच, विनाअट दिलेला अधिक लागू पडतो, असे पुरावे सांगतात. तथापि आपल्याकडे दोन कुंपणे आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने डॉक्टरांना औषध उद्योगाकडून भेटवस्तू घेण्यास मनाई आहे, आणि मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांवर तेच बंधन टाकले आहे. म्हणून सर्वेक्षणामागे कंपनीचा पैसा असेल तर तो लपवू नये आणि भेटवस्तूचा विचारही करू नये. शासकीय डॉक्टरांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू असतात, आणि त्यांतही भेटवस्तू घेण्यावर निर्बंध आहेत. प्रबंधाच्या कामात मी काहीही देत नाही. चांगले पेन प्रश्नावलीसोबत जोडतो आणि ते परत मागत नाही, एवढेच. त्याऐवजी निष्कर्षाची प्रत देण्याचे वचन देतो, आणि ते पाळतो. संस्थेकडे निधी असेल आणि नैतिकता समितीने मान्य केले असेल, तर शंभर रुपयांच्या आतली वस्तू पहिल्याच भेटीत द्यावी. 'भरल्यावर मिळेल' अशी अट घातली की ती मजुरी वाटते, आणि त्या दराने डॉक्टरांचा वेळ कोणालाच परवडणार नाही.

गुप्तता दिसली पाहिजे

'माहिती गोपनीय राहील' हे वाक्य प्रत्येक कागदावर असते, म्हणून कोणी वाचत नाही. नाजूक विषयात जुनी युक्ती वापरावी: प्रश्नावलीवर कोणताही क्रमांक नको, आणि तिच्यासोबत पत्ता लिहिलेले एक वेगळे पोस्टकार्ड द्यावे. डॉक्टर प्रश्नावली बंद पाकिटात परत देतात आणि पोस्टकार्डावर फक्त 'मी भरली' एवढे लिहून ते स्वतंत्रपणे टाकतात. कोणी भरली हे आपल्याला कळते, कोणी काय भरले हे कळत नाही, आणि डॉक्टरांनाही ते डोळ्यांसमोर दिसते. तोटा एवढाच की नंतर एखाद्या उत्तराचा खुलासा मागता येत नाही.

हिशेब

प्रतिसादाचे प्रमाण लिहिताना सर्वाधिक चुका होतात, म्हणून एक कल्पित उदाहरण सोडवून दाखवतो. समजा ४०० डॉक्टर निवडले आणि १६२ उत्तरे आली. १६२ भागिले ४०० म्हणजे ४०.५ टक्के हे उत्तर चुकीचे आहे. चारशेपैकी ३०० जणांची स्थिती आपल्याला कळली: २७० पात्र, ३० अपात्र म्हणजे निवृत्त, स्थलांतरित, दिवंगत. उरलेल्या १०० जणांचा पत्ताच लागला नाही. त्या सगळ्यांना पात्र धरले तर छेद ३७० आणि प्रमाण ४३.८ टक्के. कळलेल्यांत पात्रांचे प्रमाण ९० टक्के आहे, तेच न कळलेल्यांना लावले तर आणखी ९० पात्र, छेद ३६०, आणि प्रमाण ४५ टक्के. दोन्ही आकडे द्यावेत आणि कोणता कसा काढला ते लिहावे. प्रत्येक नावापुढे पहिल्या दिवसापासून पाचपैकी एक खूण असेल तरच हा हिशेब शेवटी जमतो: पूर्ण, अर्धवट, नकार, अपात्र, स्थिती अज्ञात.

त्यानंतर उत्तर न देणारे वेगळे होते का, हे तपासावे. यादीतून जे आधीच ठाऊक आहे, म्हणजे पॅथी, भाग, तज्ज्ञ की जनरल, त्याची दोन्ही गटांत तुलना करावी. पहिल्या हाकेला ओ देणाऱ्यांची उत्तरे तिसऱ्या आठवणीनंतर आलेल्यांशी ताडून पाहावीत. उशिरा येणाऱ्यांत नोंदणीचे प्रमाण सरळ उतरत गेलेले दिसले, तर न आलेल्यांत ते त्याहून कमी असेल असे मानायला जागा आहे. आणि उत्तर न दिलेल्यांपैकी वीसेक जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत, त्यांना फोनवर दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या तीन महिन्यांत क्षयाचे नवे रुग्ण आले का, आणि त्यांची नोंद कोणी केली. वीस कॉलचे हे काम दोन दुपारींत होते, तरी मी वाचलेल्या बहुतेक प्रबंधांत ते केलेले नसते. पंचेचाळीस टक्के प्रतिसाद आणि त्यासोबत ही तपासणी, हे मी तपासणीविना आलेल्या सत्तर टक्क्यांच्या वर ठेवतो.

अहवाल पुरा झाल्यावर एका पानाचा मराठी सारांश छापून ज्यांनी उत्तर दिले आणि ज्यांनी दिले नाही, त्या सर्व दवाखान्यांत नेऊन द्यावा. तो काउंटरवर ठेवून निघू नये. वहीतले नाव पाहून ताईंच्या हातात द्यावा आणि सरांच्या टेबलावर ठेवायला सांगावे. कॉलेज रोडच्या त्या दवाखान्यात मी तसे केले, तेव्हा कार्डांच्या डब्याखाली दुसऱ्या कोणाचे तरी पाकीट होते, आणि ताईंनी ते माझ्यादेखत काढून आत नेले.